बारा वड्यांची पेटी

मराठवाड्यात ‘चॉकलेट’ हा शब्द फार उदार आहे. शाळेत वाढदिवसाच्या दिवशी वर्गभर वाटली जाणारी संत्र्याची गोळी म्हणजे चॉकलेट. सुटे पैसे नाहीत म्हणून दुकानदार हातावर ठेवतो ती पुदिन्याची गोळीही चॉकलेटच. नाशिक जिल्ह्यात मालेगावजवळ रावळगाव येथे वालचंद हिराचंद यांनी १९३३ साली साखरेचा कारखाना उभारला आणि १९४२ पासून तेथे गोळ्याही तयार होऊ लागल्या. त्या गोळ्यांनी महाराष्ट्रातील कित्येक पिढ्यांची तोंडे गोड केली. लिंबाच्या किंवा संत्र्याच्या गोळीत कोकोचा लवलेश नसे. पण त्यामुळे मुलांचे कधी अडले नाही. गोळी गोड असावी, फार लवकर विरघळू नये आणि खिशात गेल्यावर कागदाला चिकटून बसू नये, एवढ्याच त्यांच्या अपेक्षा. रुपयाच्या गोळीची परीक्षा याहून खोल जाऊन करावी असे कोणालाच वाटत नाही, आणि ते योग्यच आहे.

पेटीची गोष्ट मात्र निराळी. रंगीत पुठ्ठा, त्यावर सोनेरी अक्षरे, आत खाचाखाचांत बसविलेल्या निरनिराळ्या वड्या, अशी पेटी मनुष्य सहसा स्वतः खाण्यासाठी विकत घेत नाही. ती कोणाला तरी द्यावयाची असते. देणाऱ्याचे तीत मन गुंतलेले असते आणि थोडीबहुत अब्रूही. ज्याच्यापाशी पुष्कळ पैसा आहे तो मोठ्या नावाची महाग पेटी उचलतो व निश्चिंत होतो. ती वाईट निघाली तर दुसरी आणवतो. ज्याच्या मुठीत मोजके दोनशे रुपये आहेत त्याला ही चैन परवडत नाही. जे काय पाहावयाचे ते त्याला दुकानाच्या फळीशीच, पैसे देण्यापूर्वी पाहावे लागते. मौज अशी की, महागड्या पेटीविषयी लोक तासन्‌तास बोलतात आणि स्वस्त पेटीविषयी ‘स्वस्तातले ते, कसे असणार?’ एवढे म्हणून मोकळे होतात. जणू स्वस्त म्हटल्यावर चांगले-वाईट हा भेदच उरत नाही!

वस्तुतः पारख ही विद्या लातूर-नांदेडकडच्या माणसांना नवी नाही. लातूरच्या आडत बाजाराचे नाव तुरीसाठी देशभर घेतले जाते. तेथे तुरीचा ढीग पडला की खरेदीदार ओंजळभर दाणे उचलतो, या हातावरून त्या हातावर ओघळू देतो, त्यांच्या आवाजाकडे कान देतो आणि एखादा दाणा दाताखाली फोडून पाहतो. वाळलेला दाणा कट्‌कन फुटतो. ओलसर दाणा नुसता दबतो. दाण्यांतील ओलावा मोजणारी यंत्रे आता आली आहेत. तरी यंत्राचा आकडा उमटण्यापूर्वी हात आपोआप ढिगाकडे जातोच. घरातील बायकांची पारख याहूनही बारीक. खवा तळहातावर चोळावा. तूप सुटून खमंग वास आला तर तो चांगला. थंडीच्या दिवसांत थिजलेल्या तुपाचा कण तळहातावर ठेवावा; अंगाच्या उबेने तो लगेच पाघळला तर तूप बहुधा खरे, आणि हट्टाने तसाच बसून राहिला तर त्यात वनस्पती तूप मिसळल्याचा संशय घ्यावा. ही शेवटची परीक्षा ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पुढे तिचे काम पडणार आहे.

चॉकलेटपुढे मात्र ही सारी विद्या क्षणभर बावरते. याचे कारण असे की, तूर आपल्या शिवारात पिकते, दूध आपल्या गोठ्यात निघते, पण कोकोचे झाड मराठवाड्यात कोणी पाहिलेले नसते. त्याला उष्ण आणि दमट हवा लागते, सावली लागते. आपल्या देशात ते केरळ, कर्नाटक, आंध्र प्रदेश व तमिळनाडू या राज्यांत नारळी-पोफळीच्या बागांतून, मोठ्या झाडांच्या आसऱ्याने वाढते. त्याची फळे फांद्यांच्या टोकांना न लागता थेट बुंध्याला व जाड फांद्यांना लागतात. फळ फोडले की पांढऱ्या गरात गुरफटलेल्या तीस-चाळीस बिया निघतात. या बिया ओल्या असताना चाखल्या तर कडू लागतात. चॉकलेटचा वास त्यांना मुळीच नसतो. काही दिवस झाकून आंबविल्या, उन्हात वाळविल्या व मग भाजल्या म्हणजे तो वास प्रकट होतो. कच्च्या शेंगदाण्याची आणि भाजलेल्या शेंगदाण्याची चव ज्याने पाहिली आहे त्याला भाजण्याची करामत निराळी सांगावयास नको.

या बीचा जवळजवळ निम्मा भाग म्हणजे स्निग्ध पदार्थ असतो. त्याला कोको बटर म्हणतात. १८२८ साली हॉलंडमधील व्हॅन हौटेन याने दाबयंत्राने हा स्निग्ध पदार्थ वेगळा काढण्याची रीत शोधली. तोपर्यंत चॉकलेट हे मुख्यतः प्यावयाचे पेय होते. पुढे १८४७ मध्ये इंग्लंडातील ब्रिस्टल शहरी फ्राय यांच्या कारखान्यात कोकोची पूड, साखर आणि वितळलेले कोको बटर एकत्र करून साच्यात ओतले गेले, आणि चावून खावयाची वडी जन्मास आली. म्हणजे चॉकलेटच्या वडीचा प्राण हा स्निग्ध पदार्थ होय. त्याचा स्वभाव मोठा चमत्कारिक आहे. सावलीच्या थंड जागी तो दगडासारखा घट्ट असतो आणि सुमारे ३४ अंश सेल्सिअसला वितळतो. माणसाच्या शरीराची उष्णता ३७ अंश. त्यामुळे वडी दाताखाली टणक लागते आणि जिभेवर येताच पाण्यासारखी पसरते. जगातील एवढे मोठे चॉकलेटचे प्रस्थ या तीन अंशांच्या अंतरावर उभे आहे, असे म्हटले तर ती फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

परंतु कोको बटर महाग पडते. ते चॉकलेटला लागते, तसेच अंगाला लावावयाच्या मलमांना व प्रसाधनांनाही लागते. म्हणून स्वस्त वड्या करणारे कित्येक कारखानदार ते काढून त्याच्या जागी ताडाच्या जातीच्या झाडांपासून निघणारे, घट्ट केलेले वनस्पती तेल घालतात. धंद्यात अशा मिश्रणाला ‘कंपाउंड’ असे नाव आहे. ते खाण्यास अयोग्य नव्हे. ते हाताळावयास सोपे, साच्यात लवकर बसणारे आणि उन्हाला दाद न देणारे असते. वेफरवर त्याचे पातळ पांघरूण छान बसते. मात्र त्याला कोको बटरचा तो तीन अंशांचा गुण नसतो. ते जिभेवर वितळता वितळत नाही, आणि वितळले तरी टाळूवर मेणासारखा थर ठेवून जाते.

आता नांदेडच्या वजिराबादेत, भर मे महिन्यात, एका दुकानासमोर उभी असलेली बारा वर्षांची मुलगी डोळ्यांपुढे आणावी. शाळेला सुट्टी लागलेली. दुसऱ्या दिवशी आईबरोबर आजोळी, लातूरला जावयाचे. तेथे आजी आहे, मामा-मामी आहेत, तीन मामेभावंडे आहेत. दरवर्षी ही मुलगी तेथून काही ना काही घेऊन येते. यंदा प्रथमच आपण काही घेऊन जावे असे तिच्या मनात आले आहे. वर्षभर साठविलेले दोनशे रुपये रुमालात घट्ट बांधले आहेत. आईने बरोबर यावे असे तिला वाटत नाही. आई दुकानाच्या पायरीशी थांबली आहे आणि मुद्दाम दुसरीकडे पाहते आहे.

फळीवर दोन पेट्या तिला परवडण्यासारख्या आहेत. एक चांगली लांबरुंद, वर गुलाबाचे चित्र, किंमत १६० रुपये. दुसरी तिच्या निम्म्या आकाराची, साधी, किंमत १८० रुपये. कोणाचाही हात प्रथम मोठ्या पेटीकडेच जाईल. तिचाही गेला. पण गणिताच्या बाईंनी उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी दिलेली उदाहरणे तिच्या डोक्यात ताजी होती, म्हणून म्हणा किंवा पैसे स्वतःचे होते म्हणून म्हणा, तिने पेटी उलटी केली. मागील बाजूस बारीक अक्षरांत निव्वळ वजन दिलेले असते. मोठ्या पेटीत ९० ग्रॅम माल होता, लहान पेटीत १२० ग्रॅम. मोठ्या पेटीत ग्रॅमला पावणेदोन रुपयांहून थोडे अधिक पडत होते, लहान पेटीत दीड रुपया. मग ती मोठी पेटी कशाने भरली होती? खाचांनी! दोन वड्यांमध्ये तीन बोटे जागा, तळाशी उंचवटा दिलेला प्लास्टिकचा साचा, बाजूंना पुठ्ठ्याच्या दुहेरी भिंती. पोकळीलाही कोणी तरी पैसे मोजतच असतो.

वजनाच्या जवळच घटकांची यादी असते. ती वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते, असा नियम आहे; जे सर्वांत अधिक, त्याचे नाव पहिले. दोन्ही पेट्यांवर पहिले नाव साखरेचे होते. स्वस्त पेटीत ते तसे असणारच. त्यावर रुसण्यात अर्थ नाही. पण लहान पेटीवर चार प्रकारच्या वड्यांच्या चार निरनिराळ्या याद्या होत्या. बदामाच्या आणि कॅरमेलच्या वडीत ‘कोको बटर’ हे शब्द होते. वेफरच्या व पांढऱ्या वडीत ते नव्हते. त्यांच्या जागी ‘हायड्रोजनेटेड व्हेजिटेबल फॅट’ असे शब्द होते. मुलीने ते इंग्रजी शब्द अडखळत वाचले. त्यांचा अर्थ तिला पूर्ण कळला असे नाही. पण चारांपैकी दोहोंत एक गोष्ट आहे आणि दोहोंत ती नाही, एवढे तिने टिपून ठेवले. मोठ्या पेटीवर मात्र सर्व वड्यांची मिळून एकच यादी होती, आणि तीत कोको बटर कोठेच नव्हते. तिने लहान पेटी घेतली.

“कुठे न्यायचीय, बेटा?” दुकानदाराने विचारले.

“लातूरला. आजोळी.”

“मग पिशवीत अगदी खाली ठेव, कपड्यांत गुंडाळून. खिडकीशी धरू नकोस. आणि पोचल्या पोचल्या उघडू नकोस.”

माल विकल्यावर असा सल्ला देणारा दुकानदार भेटणे हेही भाग्यच. नांदेडला त्या दिवसांत पारा सहज ४२ अंशांवर जातो. दुकानातील वातानुकूलित कपाटातून काढलेली वडी एकदम अशा हवेत आली तर तिच्यावर दव जमते, वरची साखर त्यात विरघळते, आणि दव सुकले की तीच साखर खरखरीत पांढऱ्या ठिपक्यांच्या रूपाने मागे राहते. हे दुकानदाराने सांगितले नाही. पण कपड्यांच्या घडीत पेटीची थंडी हळूहळू उतरते आणि हा प्रकार बराचसा टळतो, हे त्याला अनुभवाने ठाऊक असले पाहिजे.

नांदेड ते लातूर हे अंतर सुमारे १४० किलोमीटर. लोहा, अहमदपूर, चाकूर ही गावे मागे टाकीत एस. टी. चालली होती. खिडकीतून येणारा वारा भट्टीच्या तोंडासारखा. नांगरून टाकलेली काळी राने उन्हात तडकलेली; कोठे एखाद्या लिंबाखाली शेळ्या दाटीवाटीने उभ्या. मुलीने पेटी दोनदा पिशवीत हात घालून चाचपली. तिसऱ्यांदा तिला ती उगीचच मऊ वाटली, आणि त्यानंतर लातूर येईपर्यंत तिने हात घातला नाही.

आजोळी पोचल्यावर दुकानदाराचा सल्ला कोणाला आठवणार! मामेभावंडांनी पेटी ओढून घेतली आणि झाकण उघडले. क्षणभर कोणी बोलले नाही.

“ताई, हे तर वितळलं!” धाकटा म्हणाला. “खराब निघालं.”

बदामाच्या तीन वड्या आपल्या खाचांत डबक्यासारख्या पसरल्या होत्या. कॅरमेलच्या तिन्ही वड्यांचे अंग खचले होते आणि आतला पाक एका बाजूने डोकावत होता. आणि त्यांच्या शेजारी वेफरच्या व पांढऱ्या वड्या मात्र काहीच न घडल्यासारख्या, कोरीव कडा सांभाळून, ताठ उभ्या होत्या. मुलीच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले. दोनशे रुपयांतले वीस उरले होते, आणि सहा वड्या गेल्या होत्या.

आजी तेवढ्यात पदराला हात पुसत बाहेर आली. तिचा जन्म आडतीच्या घरात गेलेला. सासरे तुरीचे नमुने कागदाच्या पुड्यांत बांधून घरी आणीत आणि सुनेला दाखवीत, अशी तिची आठवण ती पुष्कळदा सांगते. चॉकलेटविषयी तिला काहीच माहिती नव्हती. तिने पेटी जवळ घेतली, नाकाशी नेली, आणि म्हणाली, “थांबा रे. एकाच पिशवीतून, एकाच उन्हातून आल्या ना सगळ्या? मग या का वितळल्या आणि या का नाही वितळल्या, ते तर बघा आधी.”

लातूरच्या कुठल्याही प्रयोगशाळेत याहून नेमका प्रश्न विचारला गेला नसता. एकाच उन्हात, एकाच वेळेत दोन वस्तूंचे निरनिराळे वर्तन घडले, तर फरक उन्हात नाही, वस्तूंत आहे. मुलीला एकदम दुकानात वाचलेल्या चार याद्या आठवल्या. तिने पेटी उलटी करून आजीला वाचून दाखविले: या दोहोंत कोको बटर, त्या दोहोंत वनस्पती तेल. वितळल्या होत्या त्या नेमक्या पहिल्या दोन जाती.

पेटी झाकून स्टीलच्या घट्ट डब्यात ठेवली गेली. डबा माठाखालच्या ओल्या वाळूत, वर भिजलेले फडके. लातूरचे पठार समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरांहून उंच आहे. दिवस कितीही तापला तरी उत्तररात्री हवा निवते. सकाळपर्यंत वड्या पुन्हा घट्ट झाल्या, पण पूर्वीसारख्या मुळीच दिसेनात. तकाकी गेली होती, वर करड्या-पांढऱ्या रेषा उमटल्या होत्या. मामीला ती बुरशी वाटली. मोठ्या माणसांनाही येथे हमखास चूक होते. बुरशी लवदार असते आणि तिला कुबट वास येतो. या रेषांना ना लव होती, ना वास. वितळलेले कोको बटर आपल्या मर्जीने, हळूहळू थिजले म्हणजे त्याचे कण असे वर येऊन बसतात. आजीला हे समजावण्यास वेळ लागला नाही. तूप कढवून भरभर थंड केले तर गुळगुळीत थिजते, सावकाश निवू दिले तर रवाळ होते. तूप तेच, रूप दोन. कोको बटरची तऱ्हा याहून अधिक नाजूक आहे. कारखान्यात ते ठराविक उष्णतेला ढवळून थंड करतात, तेव्हाच वडीला आरशासारखी चकाकी येते आणि ती मोडताना खट्‌ असा स्वच्छ आवाज होतो. एस. टी.त वितळून माठाखाली थिजलेल्या वडीकडून त्या आवाजाची अपेक्षा करणे हा तिच्यावर अन्याय झाला असता. म्हणून डोळ्यांची आणि कानांची परीक्षा त्या दिवशी सोडून द्यावी लागली. उरली नाकाची, हाताची आणि जिभेची.

आजीने दोन कण काढले. एक बदामाच्या वडीचा, एक पांढऱ्या वडीचा. दोन्ही तळहातावर शेजारी शेजारी ठेवून मूठ मिटली आणि मनात वीस आकडे मोजले. मूठ उघडली तेव्हा एक कण पसरून हाताच्या रेषांत उतरला होता. दुसरा तसाच बसून होता, फक्त थोडा ओशाळल्यासारखा दिसत होता.

“हे पांढरं डालड्याचं भावंड दिसतंय, माय,” आजी म्हणाली.

मग चव. वड्या होत्या बारा आणि खाणारी होती आठ. म्हणून प्रत्येक जातीची एक वडी सुरीने कापून सर्वांना कण कण दिला. घाई करावयाची नाही, चावावयाचे नाही, जिभेवर ठेवून थांबावयाचे, अशी अट मुलीनेच घातली. बदामाची वडी तत्काळ विरघळली. आधी गोडी, मग दूध, आणि अगदी शेवटी भाजलेल्या कोकोचा किंचित कडवट वास मागे राहिला. चांगल्या वडीत हे तिन्ही एकामागून एक येतात. नुसती गोडी येऊन थांबली तर समजावे की कोको फार थोडा आहे. बदाम मात्र निराशाजनक होता. झाकणावर चार अखंड बदामांचे चित्र, आणि वडीत चिमूटभर कणी. मुलीने पुन्हा पेटी उलटली: बदाम ४ टक्के. दहा ग्रॅमच्या वडीत ४ टक्के म्हणजे अर्ध्या ग्रॅमहूनही कमी; एका बदामाचा जेमतेम तिसरा हिस्सा. खोटे कोणी लिहिले नव्हते. चित्राने मोठ्याने सांगितले होते ते आकड्याने हळूच मागे घेतले होते, इतकेच.

कॅरमेलची वडी सर्वांना आवडली. तिचा पाक मऊ होता, दातांना चिकटत नव्हता, आणि त्यात साखरेचे रवे बांधले गेले नव्हते. चिक्कीचा पाक ज्यांच्या घरी होतो त्यांना हे किती अवघड असते ते माहीत आहे. वेफरची वडी कुरकुरीत होती. वरचे पांघरूण कंपाउंडचे असूनही पातळ होते, त्यामुळे ते फारसे खटकले नाही. मामांनी तर तिला बदामाच्या वरचा क्रमांक दिला, आणि त्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नव्हते: वेफरने कुरकुरीतपणाचे वचन दिले होते आणि ते पाळले होते. पांढऱ्या वडीचे मात्र कोणी कौतुक केले नाही. पांढऱ्या चॉकलेटमध्ये कोकोची पूड नसते हे खरे. परंतु खऱ्या पांढऱ्या वडीत कोको बटर असते, त्याचाच मंद वास तिला येतो. या वडीत साखर, दुधाची भुकटी, वनस्पती तेल आणि व्हॅनिलाचा भडक वास, एवढेच होते. ती खाल्ल्यावर दोघांनी पाणी मागितले. तरी टाळूवरचा थर गेला नाही.

मग निवाडा काय झाला? मुलगी गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर लिहीत बसली. कॅरमेलच्या तीन वड्या उत्तम. बदामाच्या तीन, माल चांगला पण बदाम कमी. वेफरच्या तीन, किमतीच्या मानाने ठीक. पांढऱ्या तीन, नुसती भरती. बारांपैकी नऊ वड्यांनी आपले पैसे फेडले होते. १८० रुपयांच्या पेटीकडून याहून अधिक मागावे काय, यावर घरात थोडा वाद झाला. मामीचे मत पडले की, पांढऱ्या वड्या काढून टाकून कारखानदाराने नऊच वड्यांची पेटी करावी आणि पंचेचाळीस रुपये कमी घ्यावे. मामा हसून म्हणाले की, मग पेटी लहान दिसेल आणि लोक शेजारची गुलाबाच्या चित्राची घेतील. दोघांचेही खरे होते.

आजीने आपल्या वाटणीची कॅरमेलची वडी खाल्ली नाही. ती वाटीत घालून फडताळात ठेवली. नातीने आपल्या पैशांनी आणलेली पहिली वस्तू दुपारी शेजारणीला दाखवावयाची होती. वडीला आकार उरला नव्हता, अंगावर पांढऱ्या रेषा होत्या, आणि शेजारणीने ती पाहून नाक मुरडले तर तिला काय काय सांगावयाचे याची आजीने मनाशी चांगली उजळणी करून ठेवली होती.

धाकट्या मामेभावाला मात्र यातले काहीच पटले नाही. तळहातावरचा कण त्याने पाहिला होता, याद्याही त्याला वाचून दाखविल्या होत्या. तरी सर्वांत चांगली वडी पांढरीच, असे तो निक्षून सांगत होता. ती वितळली नाही, हात भरले नाहीत, आणि ती सर्वांत गोड होती. उरलेल्या दोन पांढऱ्या वड्या त्याच्या हवाली करण्यात आल्या. एक त्याने तोंडात टाकली, दुसरी चड्डीच्या खिशात ठेवली, आणि तो भर उन्हात विटीदांडू खेळावयास निघून गेला.